काळ्या मेंदीचा धोका

गोंदिया जिल्ह्यांत गाढवी नदीवर बांधलेलें इटियाडोहचें धरण १९७० सालीं पुरें झालें. त्या परिसरांतच प्रतापगड आहे. महाशिवरात्रीला तेथें मोठी यात्रा भरते आणि भोवतालच्या झाडीपट्टींतून माणसांची रीघ लागते. अशा यात्रांतून बांगड्यांच्या आणि खेळण्यांच्या दुकानांशेजारीं हल्लीं मेंदी काढून देणाराही कोन घेऊन बसलेला असतो. लहान मुलगी हात पुढें करते, आईला घरीं परतण्याची घाई असते, आणि प्रश्न येतो, "ताई, लाल काढूं कीं काळी? काळी अर्ध्या तासांत चढते." या प्रश्नाच्या उत्तरावर मुलीच्या पुढील आयुष्यांतलें बरेंच कांहीं अवलंबून असूं शकतें, हें त्या आईला कोणी सांगितलेलें नसतें.

मेंदी जात्या काळी नसते. आषाढांत कुंपणाचीं पानें खुडून, पाट्यावर वाटून रात्रभर हात बांधून ठेवणाऱ्या आज्यांना हें सांगावें लागत नसे. पानांतील लॉसोन नांवाचें रंगद्रव्य त्वचेच्या वरच्या निर्जीव थरांतील प्रथिनांशीं सावकाश जडतें. लगदा काढल्यावर प्रथम दिसतो तो नारिंगी रंग. तो एक-दोन दिवसांत गडद होत विटकरी अथवा तपकिरी बनतो, आणि कातडीचा तो थर झडत जाईल तसा दोन-तीन आठवड्यांत पुसला जातो. तळहाताची त्वचा जाड, म्हणून तेथें रंग खुलतो. मनगटाच्या वर तो फिकाच राहावयाचा. दंडावर काळाकुट्ट रंग उमटला, तर तो निव्वळ मेंदीचा नव्हे. रंग जितका गडद तितकें नवऱ्याचें प्रेम अधिक, ही थट्टा लग्नघरांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. काळ्या कोनाचा खप वाढविण्यास तिनें थोडाफार हातभार लावला असल्यास नवल नाहीं.

त्या कोनांतील काळेपणा बहुधा पॅराफेनिलीनडायामीन या द्रव्याचा असतो. हें केसांच्या कलपांतलें द्रव्य. युरोपीय संघाच्या नियमांनुसार कलप लावतेवेळीं त्याचें प्रमाण २ टक्क्यांहून अधिक असतां कामा नये, आणि त्वचेवर नक्षी काढण्यास तें मुळींच वापरावयाचें नाहीं. काळ्या मेंदीच्या कांहीं तपासलेल्या नमुन्यांत मात्र तें १५ टक्क्यांच्याही वर आढळलें आहे. शिवाय कलप थोड्या वेळांत धुतला जातो. मेंदी तासन्‌तास हातावर असते.

पहिल्या खेपेस पुष्कळदां कांहींच होत नाहीं, आणि खरी फसगत हीच. शरीर त्या द्रव्याला शत्रु म्हणून ओळखावयास शिकतें आणि तें शिकलेलें सहसा विसरत नाहीं. कधीं आठ-दहा दिवसांनीं, कधीं पुढच्या खेपेस एक-दोन दिवसांतच, नक्षीच्या रेघेरेघेवर खाज, सूज आणि पाण्याचे फोड येतात. फोड बरे झाल्यावरही ती नक्षी पांढुरक्या डागांच्या किंवा वणाच्या रूपानें महिनोन्‌महिने, कधीं कायमचीच राहते. सहाव्या वर्षीं यात्रेंत हात रंगविलेल्या मुलीनें चाळिशींत केसांना कलप लावला, तर तिचा चेहरा व डोळे सुजून ती रुग्णालयांत जाऊं शकते. कांहीं कापडी रंग आणि भूल देण्याचीं कांहीं औषधेंही अशा माणसास बाधतात.

ऑगस्ट २०१२ मध्यें, रमझान ईदच्या सुमारास, मेंदींत विष असल्याची वार्ता मुंबईच्या उपनगरांत पसरली आणि खाज व मळमळ होत असल्याचें सांगत अनेक स्त्रियांनीं रुग्णालयें गांठलीं. त्यांत बव्हंशी भीतीच अधिक होती. पण ती भीती एका रात्रींत उठली नि शमली. काळ्या मेंदीचा अपाय गाजावाजा न करतां येतो, आणि तो दिसेपर्यंत यात्रा उठून विक्रेता भलत्याच गांवीं गेलेला असतो.

तेव्हां विचारावयाचें तें बसण्यापूर्वीं: कोनांत काय कालवलें आहे, आणि तो केव्हां भरला? भिजविलेली खरी मेंदी थंडाव्याविना थोड्याच दिवसांत निकामी होते; महिनोन्‌महिने दुकानांत लोंबणारा, तरीही झटपट चढणारा कोन परत ठेवावा. काळी लागलीच असेल तर ती ताबडतोब धुवावी. आणि फोड आल्यास हळद वा चुना न थापतां डॉक्टर गांठावा व मेंदी काळी होती हें त्यांस आवर्जून सांगावें.

शुद्ध मेंदीलाही एक अपवाद आहे. रक्तांतील तांबड्या पेशींचें रक्षण करणाऱ्या जी-सिक्स-पी-डी नांवाच्या विकराची जन्मजात उणीव कांहीं मुलांत असते. भारतांतील अनेक आदिवासी समाजांत ती आढळते. अशा तान्ह्या बाळाच्या पातळ त्वचेंतून लॉसोन रक्तांत शिरल्यास तांबड्या पेशी फुटूं लागतात. बाळ पिवळें पडतें, लघवी गडद होते. म्हणून तान्ह्या मुलाचे तळपाय रंगविण्याची हौस, पानें घरच्या कुंपणाचीं असलीं तरी, टाळावी.