जोडीतली दुसरी मजूर

कुंडलिकेच्या खोऱ्यातील रोह्याच्या डोंगरपट्ट्यात वाड्या करून राहणारी कातकरी, म्हणजे पूर्वी खैराच्या लाकडापासून कात काढणारी जमात, आज विशेष असुरक्षित आदिवासी समूहांत गणली जाते. खैराच्या जंगलावर सरकारी बंधने आली, काताचा धंदा बसला आणि जमीन नसलेल्या या कुटुंबांपैकी अनेकांना भातशेतीतील मजुरी आटोपली की वीटभट्टीचाच रस्ता धरावा लागतो.

भट्टीमालक सहसा एकेका माणसाला नव्हे, तर जोडीला, म्हणजे नवराबायकोला मिळून, कामावर घेतो आणि पावसाळ्यातील अडचणीच्या दिवसांत त्यांना बयाणा, म्हणजे पुढील मजुरीपोटी आगाऊ रक्कम, देतो. एकट्या तरुणाला असा बयाणा मिळणे कठीण असल्याने लग्नाची घाई होते. शिवाय घरची माणसे भट्टीवर जाताना वयात आलेल्या मुलीला ओस वाडीत एकटी ठेवायला धजत नाहीत, आणि त्यासाठी आईबापांना दोष देणे सोपे असले तरी न्याय्य नाही. मुलीची शाळा येथेच सुटते, आणि विवाहासाठी अठरा वर्षांची कायदेशीर अट कागदावर राहते.

भट्टीवर नवरा मातीत भाताचे तूस घालून चिखल तुडवतो; बायको गोळे वाहते, उकिडवी बसून साच्याला राख लावते, थापलेली वीट अलगद उपडी करते आणि वाळलेल्या विटा डोक्यावरून भट्टीपर्यंत नेते. त्याआधी पहाटेचे पाणी, चूल आणि झोळीतले मूल तिच्याच वाट्याचे असते. मजुरी हजार विटांमागे ठरते, आठवड्याला पोटापुरती खर्ची मिळते आणि पावसाच्या तोंडावर होणारा हिशेब बहुधा नवऱ्याच्या नावावर मांडला जातो. बयाणा फिटला नाही, तर पुढील हंगामही त्याच मालकाकडे काढावा लागतो, मग तिच्या पोटात मूल असो वा नसो.

माणसाला कामाशी बांधून ठेवणारे असे कर्ज १९७६ च्या वेठबिगारी निर्मूलन कायद्याने रद्दबातल ठरवले आहे. सक्तीचे काम आगाऊ रकमेपोटीच घेतले जात असल्याचे गृहीत धरता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८३ मध्ये बंधुआ मुक्ती मोर्चाच्या खटल्यात सांगितले. अंमलबजावणीची जबाबदारी जिल्हाधिकाऱ्यांवर आणि दक्षता समित्यांवर आहे. या समित्यांनी हंगामाच्या आरंभीच भट्ट्यांवर जावे, मालकाच्या वहीत स्त्रीचे नाव स्वतंत्र ओळीत लिहून घ्यावे आणि तिची मजुरी तिच्याच हाती पडेल असे पाहावे.