चारचौघांतली शिक्षा
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनी चार गोड शब्द बोलावेत असा रिवाज आहे. पण आज मी माझ्याच हातून घडलेली एक चूक सांगणार आहे. ती उघड बोलावयास मला तीस वर्षे लागली.

तेव्हा आम्ही वाड्यात राहत होतो. जानेवारीचा महिना, सिद्धेश्वराच्या यात्रेचा गड्डा भरलेला. वाड्यातल्या बायकांच्या भिशीचे पैसे माझ्याकडे डब्यात असत. त्यातले वीस रुपये माझ्या नऊ वर्षांच्या मुलाने पाळण्यात बसण्यासाठी उचलले. मला राग आला. पण खरे सांगू? रागापेक्षा भीतीच अधिक वाटली. बायका मला काय म्हणतील! मी त्याचा कान धरून त्याला चौकात आणले आणि सर्वांसमोर "मी चोरी केली" असे तीनदा म्हणावयास लावले. बायका म्हणाल्या, "आई असावी तर अशी!" मलाही ते पटले.

पुढे काय झाले? मुलाने पुन्हा चोरी केली नाही, हे खरे. पण महिनाभर तो चौकात खेळावयास उतरला नाही. पुढे कंपासपेटी हरवली, गणितात मार्क कमी पडले, तरी तो मला काही सांगेना. विचारले तर खोटे बोले. आईला कळू द्यावयाचे नाही, एवढेच तो त्या शिक्षेतून शिकला होता. आणि माझी सहा वर्षांची मुलगी एके दिवशी रडत घरी आली. लगोरीच्या डावातून मुलांनी तिला "चोराची बहीण" म्हणून काढून टाकले होते. त्या पोरीने काय केले होते हो?

ते शब्द आठवले की मला आपल्या गावची सेटलमेंट आठवते. आजही त्या भागाला आपण त्याच नावाने ओळखतो. पण हे नाव कशावरून पडले, हे नव्या मुलींना बहुधा ठाऊक नसते. इंग्रज सरकारने १८७१ साली कायदा करून काही जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरविले. १९११ साली त्या कायद्याची व्याप्ती साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानावर वाढली. सोलापुरात अशा कुटुंबांची वसाहत झाली, तिला तारेचे कुंपण पडले. नावे नोंदवावयाची, हजेरी द्यावयाची, परवानगीवाचून बाहेर जावयाचे नाही. मुलांना आईबापांपासून काढून वेगळ्या शाळेत ठेवण्याचा अधिकारही सरकारला होता. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा देशभर रद्द झाला आणि ही माणसे विमुक्त म्हणविली गेली. कुंपण गेले, पण कपाळावरचा शिक्का लगेच गेला नाही. लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' हे १९८७ सालचे आत्मकथन वाचा, म्हणजे तो शिक्का घेऊन मूल कसे वाढते ते कळेल.

सरकारने साऱ्या जमातीचे जे केले, तेच मी लहान प्रमाणावर चौकात केले. चूक एकाची, डाग सगळ्या घराला.

कोणी म्हणेल, "मग मुलांना लाज नको का वाटायला?" वाटली पाहिजे. पण पस्तावा मनातून यावा लागतो. चारचौघांत येतो तो अपमान. मी मुलाला आतल्या खोलीत बसवून विचारावयास हवे होते. त्याच्या खाऊच्या पैशांतून ते वीस रुपये त्याच्याच हाताने डब्यात ठेवून घ्यावयास हवे होते. चूक निस्तरण्याची वाट त्यात होती.

आता वाडे गेले, पण चौक गेला नाही. तो मोबाईलमध्ये आला. वर्गात उभ्या केलेल्या मुलाचे छायाचित्र संध्याकाळपर्यंत शंभर घरी पोहोचते. शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्याने शाळेत मुलांना मारण्यास व त्यांचा मानसिक छळ करण्यास मनाई केली आहे. बालन्यायाच्या २०१५ च्या कायद्याप्रमाणे ज्या मुलावर गुन्ह्याचा आरोप आहे, त्याचेही नाव वा छायाचित्र वर्तमानपत्रात छापता येत नाही. कायदा ज्याचे नाव झाकतो, त्याच वयाच्या लेकराचे नाव आपण वीस रुपयांसाठी गावभर करावे काय?

गेल्या दिवाळीत मी मुलाजवळ हा विषय काढला. तो आता दोन मुलांचा बाप आहे. तो म्हणाला, "आई, तू कान धरलास ते मी विसरलो. पण काकू हसल्या, ते विसरलो नाही."

भगिनींनो, त्या हसणाऱ्यांत आपणही कधी उभ्या असतो. यापुढे एखादे मूल चौकात उभे केलेले दिसले, तर निदान आपण तिथून हलावे आणि आपल्या मुलांनाही बोलावून घ्यावे. पाहणारे उरले नाहीत, की ती शिक्षाही उरत नाही.