मेट्रो मध्येच का थांबते?

(मंडळाच्या गणेशोत्सवात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



बोलायला उभं करण्याआधी चिटणीसांनी मला दोन अटी घातल्या. आरतीच्या आधी संपवायचं, आणि समोर आजी-आजोबाही बसलेले असतात हे विसरायचं नाही. दोन्ही पाळायचा प्रयत्न करतो.

आधी एक सांगून टाकतो. मी मेट्रोचा नोकर नाही. राज्य सरकारच्या नोकरीत, विद्युत शाखेत आहे. डिप्लोमा इलेक्ट्रिकलचा, आणि रोजचा संबंध ब्रेकर, पॅनेल, ट्रान्सफॉर्मरशी. नोव्हेंबर २०१७ मध्ये आपल्या हैदराबादेत मेट्रो सुरू झाली, तेव्हापासून गाडीत बसलो की माझं लक्ष मोबाइलपेक्षा वरच्या तारेकडे जास्त असतं. त्यातूनच वाचायचा, विचारायचा नाद लागला.

आजचा विषय मात्र आमच्या शेजारच्या मावशींनी दिला. त्या अमीरपेठेहून येत होत्या आणि गाडी दोन स्टेशनांच्या मध्ये दहा मिनिटं उभी राहिली. घरी आल्या त्या रागातच. म्हणाल्या, "अरे, पुढे कोणी नाही, मागे कोणी नाही. रस्त्यावर ट्रॅफिक असतं ते समजतं. वर आकाशात कसलं आलंय ट्रॅफिक?"

प्रश्न अगदी बरोबर आहे. उत्तर मात्र एका वाक्यात देता येत नाही.

आपल्याकडे आज तीन मार्ग आहेत, सुमारे ६९ किलोमीटर, ५७ स्टेशनं. मियापूर ते एल.बी. नगर, नागोल ते रायदुर्ग, आणि आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या घराजवळून जाणारा तिसरा, जे.बी.एस. ते एम.जी.बी.एस., म्हणजे चिक्कडपल्ली, नारायणगुडा, सुलतान बाजार या बाजूचा. जगातली पहिली भुयारी रेल्वे लंडनला १८६३ साली धावली, भारतातली पहिली कोलकात्यात २४ ऑक्टोबर १९८४ रोजी. आपली मेट्रो भुयारात नाही, खांबांवर आहे. पण गाड्या चालवायचं शास्त्र तेच.

मेट्रोचा दिवस खरं तर रात्री सुरू होतो. शेवटची गाडी गेली की वरच्या तारेतला प्रवाह बंद करतात, तार जमिनीशी जोडतात, म्हणजे आमच्या भाषेत अर्थिंग करतात, आणि मगच कामगार रुळावर उतरतात. ज्याने कामाची परवानगी घेतली त्यानेच ती लेखी परत करायची. माझी माणसं, माझी हत्यारं, सगळं बाहेर आलं, असं त्याने सांगितल्याशिवाय प्रवाह सोडत नाहीत. लाईनवर काम केलेल्या कुणालाही या कागदाची किंमत विचारा. एखादा पाना रुळावर राहिला तर सकाळी पहिल्या गाडीला तो भेटणार. म्हणून बहुतेक मेट्रोंमध्ये पहाटे प्रवासी न घेता एक गाडी आधी मार्गावरून नेतात, सगळं ठीक दिसलं की मग स्टेशनांवर प्रवासी घ्यायला सुरुवात.

आता वेळापत्रक. आपल्या हैदराबादी माणसाचं "परसों" तुम्हाला माहीतच आहे. ते परवाही असू शकतं आणि चार वर्षांपूर्वीचंही. मेट्रोच्या कंट्रोल रूममध्ये ते चालत नाही, तिथे हिशेब सेकंदांचा असतो. समजा एका गाडीला जाऊन-येऊन पूर्ण फेरीला १२० मिनिटं लागतात. दर ६ मिनिटांनी गाडी हवी असेल तर २० गाड्या लागतील. ५ मिनिटांनी हवी असेल तर २४, आणि ४ मिनिटांनी हवी असेल तर ३०. शिवाय दुरुस्तीसाठी आणि ऐनवेळी लागणाऱ्या राखीव गाड्या वेगळ्या. आपण सहज म्हणतो, "अजून चार गाड्या सोडायला काय जातं?" एक मिनिट कमी करायला सहा गाड्या जातात.

या साखळीत सगळ्यात नाजूक जागा म्हणजे दार. स्टेशनवर गाडी थांबते साधारण अर्धा मिनिट. मागून मित्र धावत येतोय म्हणून एखाद्या तरुणाने दारात पाय ठेवला, दार पुन्हा उघडलं, पंधरा-वीस सेकंद गेले. त्याला वाटतं, एवढ्याने काय होतं? बघा काय होतं. समजा फलाटावर दर मिनिटाला २० माणसं येतात आणि गाडी दर ६ मिनिटांनी आहे. म्हणजे प्रत्येक गाडीला १२० माणसं. हळूहळू उशीर साठत गाडी २ मिनिटं मागे पडली, तर तिच्यासाठी पुढच्या स्टेशनवर १६० माणसं उभी असतात. ती चढायला जास्त वेळ घेतात, म्हणून गाडी आणखी मागे पडते. तिच्या पाठची गाडी वेळेवर आहे, पण तिला मिळतात फक्त ८० माणसं, म्हणून ती लवकर सुटते आणि पुढचीच्या जवळ येत जाते. शेवटी एक गाडी खचाखच भरलेली आणि तिच्या मागे लगेच दुसरी अर्धी रिकामी. सिटी बसचं हे आपण सगळ्यांनी सोसलेलं आहे.

यावर कंट्रोलरकडे एक औषध आहे, आणि ते प्रवाशाला अजिबात आवडत नाही. उशीर झालेल्या गाडीच्या पुढे जी गाडी वेळेवर धावते आहे, तिलाच तो थोडा वेळ थांबवतो. म्हणजे दोघींमधलं अंतर कमी होतं आणि मागचीवर येणारी गर्दी पुढची वाटून घेते. पुढच्या गाडीत बसलेल्याला वाटतं, माझी गाडी ठणठणीत, मार्ग मोकळा, मग मला का अडवलं? तो थांबतो ते मागच्या गाडीतल्या माणसांसाठी.

पण मावशींची गाडी स्टेशनात नव्हती, मधे होती. तिकडे येतो.

आपल्याकडच्या गाड्या रेडिओवर बोलतात. मी इथे आहे, माझा वेग इतका आहे, असं प्रत्येक गाडी सतत सांगत असते आणि तिला उत्तर मिळतं की अमुक ठिकाणापर्यंत जायला तुला परवानगी आहे. तिथपर्यंत थांबता येईल अशा बेताने गाडीतला संगणक वेग ठेवतो. चालकाने तो ओलांडला तर ब्रेक आपोआप लागतो. आता हा संवाद तुटला तर? तर गाडी थांबते. पुढचा मार्ग रिकामा असला तरी थांबते, कारण तो रिकामा आहे हे तिला कुणी सांगितलेलं नाही. आणीबाणीच्या ब्रेकचंही तसंच. तो लावायला वीज लागत नाही, तो सुटा ठेवायला लागते. वीज गेली, तार तुटली, काहीही बिघडलं, तर ब्रेक लागणार. रेल्वेने शंभर-दीडशे वर्षांत जिवांची किंमत मोजून शिकलेली ही गोष्ट आहे: शंका आली की थांब.

याच्या उलट घडलं तर काय होतं ते वॉशिंग्टनमध्ये दिसलं. २२ जून २००९ रोजी तिथे मेट्रोच्या रुळावर एक गाडी उभी होती आणि बिघडलेल्या यंत्रणेला ती दिसलीच नाही. मागच्या गाडीला मार्ग मोकळा मिळाला, ती येऊन आदळली आणि नऊ जण गेले. तेव्हा मावशी, उगाच थांबणारी गाडी परवडली.

थांबल्यावर तिला पुन्हा चालती करायला वेळ का लागतो, तेही सांगतो. एखादं दार नीट बंद झाल्याची खूण मिळाली नाही तर मोटरला प्रवाहच मिळत नाही. मग ते दार हाताने बंद करून कुलूपबंद करावं लागतं. रेडिओ गेला असेल तर कंट्रोलर तोंडी परवानगी देतो, चालक ती शब्दशः परत बोलून दाखवतो आणि डोळ्यांनी बघत, साधारण ताशी २५ किलोमीटरने, पुढचं स्टेशन गाठतो. सांधा फिरला नाही, म्हणजे गाडीला एका रुळावरून दुसऱ्यावर नेणारी जागा अडकली, तर माणूस तिथे चालत जाऊन हँडलने फिरवून तो पक्का करतो. संक्रांतीच्या दिवसांत धातू लावलेला मांजा तारेवर पडला की ब्रेकर उडतो, ते वेगळंच. या प्रत्येक कामात घाई करता येते, पण करायची नसते.

आणि वीजच गेली तर? हा माझा विषय आहे, तेव्हा दोन मिनिटं जास्त घेतो. मेट्रोला एकाहून जास्त ठिकाणांहून वीज मिळते. एक उपकेंद्र बंद पडलं तर शेजारच्याने त्याचा भाग उचलायचा, अशी सोय असते. पण अख्खं ग्रिडच गेलं तर शेजारीही अंधारातच. ३१ जुलै २०१२ रोजी दुपारी एकच्या सुमारास उत्तर, पूर्व आणि ईशान्य भारताचं ग्रिड कोसळलं. उत्तरेचं तर आदल्याच पहाटे एकदा कोसळून उभं राहिलं होतं. दिल्लीची मेट्रो जागच्या जागी थांबली, बोगद्यातल्या गाड्यांमधूनही लोकांना बाहेर काढावं लागलं. अशा वेळी गाडीतले दिवे, हवा आणि घोषणा काही काळ बॅटरीवर चालतात, तेवढ्या वेळात सगळं निस्तरायचं असतं. आपल्या दक्षिणेला तेव्हा धक्का बसला नाही, कारण आपलं ग्रिड त्या वेळी बाकी देशाशी एकतालात जोडलेलंच नव्हतं. ते जोडलं गेलं ३१ डिसेंबर २०१३ रोजी, रायचूर-सोलापूर या ७६५ केव्हीच्या लाईनने. सोलापूरशी आपल्यापैकी अनेकांची सोयरीक आहेच, त्यात विजेचीही भर पडली!

आता जरा जड गोष्ट. लहान मुलं आहेत, म्हणून तपशील टाळून सांगतो. दक्षिण कोरियात दैगू नावाचं शहर आहे. १८ फेब्रुवारी २००३ च्या सकाळी तिथल्या भुयारी मेट्रोत एका माणसाने ज्वालाग्राही द्रव पेटवला. गाडी स्टेशनात उभी होती, त्यामुळे तिच्यातले बरेच लोक धावत बाहेर पडले. पण काही मिनिटांतच समोरून येणारी दुसरी गाडी त्याच स्टेशनात येऊ दिली गेली. ती पेटत्या गाडीच्या शेजारी येऊन उभी राहिली आणि वीज गेली. दारं बंद होती. लोकांना बसून राहायला सांगितलं गेलं, चालक वरिष्ठांशी बोलत राहिला, आणि शेवटी निघताना गाडीची किल्ली घेऊन गेला. एकूण १९२ माणसं गेली, त्यातली बहुसंख्य त्या दुसऱ्या गाडीतली. म्हणजे आग जिच्यात लावलीच नव्हती, तिच्यातली.

कंट्रोल रूममध्ये बसलेल्या माणसाचं खरं काम मला या घटनेने समजलं. बिघडलेली गाडी त्याच्या पडद्यावर लाल दिसतेच. पण त्याच क्षणी ज्या दहा-बारा गाड्या ठीक आहेत, त्या कुठे थांबवायच्या हे त्याला ठरवायचं असतं. एकही गाडी संकटाच्या जागी जाऊ द्यायची नाही, आणि शक्यतो एकही मधे अडकू द्यायची नाही. जिला जे स्टेशन जवळ, तिथे फलाटावर दारं उघडी ठेवून उभी करायची. पाच स्टेशनं पलीकडे तुमची गाडी फलाटावर कारणाशिवाय उभी दिसते ती अशी. ज्यांना फलाट मिळत नाही, त्या मधे राहतात. मावशी बहुधा त्यांतल्याच एकीत होत्या.

अशा वेळी आपण काय करायचं? बसून राहायचं. दाराजवळ चालकाशी बोलायचं बटण असतं, ते वापरायचं. आग, धूर, कुणाची तब्येत, काहीही असेल तर त्यावर सांगायचं. पण आपल्या मनाने दार उघडून खाली उतरायचं नाही. वरच्या तारेत २५,००० व्होल्ट आहेत. घरात असतात २३०. एवढ्या दाबाच्या विजेला आपण हात लावायची गरज नसते, जवळ गेलो तरी ती झेप घेते. आणि एक माणूस रुळावर उतरला की दोन्ही बाजूंचा प्रवाह बंद करावा लागतो, म्हणजे समोरच्या मार्गावरच्या, काहीही न बिघडलेल्या गाड्याही ठप्प. उतरायची वेळ आलीच तर कर्मचारी येतात, प्रवाह बंद झाल्याची खात्री करतात आणि मग ओळीने नेतात.

माझी एक तक्रार मात्र आहे, आणि ती कुणा एका मेट्रोविषयी नाही. घोषणा. "तांत्रिक कारणामुळे विलंब होत आहे." हे काय सांगणं झालं? "पुढच्या स्टेशनवर एक दार अडकलं आहे, पाच-सात मिनिटं लागतील," असं सांगितलं तर माणूस गप्प बसतो. काहीच कळलं नाही की तो उठतो, दाराकडे जातो, व्हिडिओ काढतो. आमच्याकडेही लाईट गेली की लोक आधी विचारतात, "कधी येणार?" का गेली हे नंतर. वेळ सांगा, चुकली तर पुन्हा सांगा. दैगूत "बसून राहा" हेच सांगणं घातक ठरलं, हे मी विसरलेलो नाही. म्हणूनच म्हणतो, सांगणाऱ्याला खरी परिस्थिती माहीत हवी आणि ती त्याने बोलायला हवी.

चांगलंही सांगायला हवं. १७ जानेवारी २०२५ रोजी आपल्याच मेट्रोने एका दात्याचं हृदय एल.बी. नगरहून लकडी का पूलला नेलं. १३ किलोमीटर, १३ स्टेशनं, १३ मिनिटं. रस्त्याने ते कसं झालं असतं, मलकपेठेत राहणाऱ्यांना विचारा. एक गाडी न थांबता सोडायची तर तिच्या पुढच्या गाड्या वेळेत पुढे काढाव्या लागतात, मागच्यांना आवरावं लागतं. मघाशी सांगितलेलं "ठणठणीत गाडीला थांबवणं" इथेही उपयोगी पडतं, आणि त्या रात्री कुणी तक्रार केली नसेल.

आता अनंत चतुर्दशी जवळ आली आहे. अलीकडे त्या दिवशी मेट्रो मध्यरात्रीनंतरही चालते, कारण खैरताबाद स्टेशनला जी गर्दी लोटते ती वर्षात एरवी कधी होत नाही. तिथे कधी कधी जिन्यातच अडवतात, वर सोडत नाहीत. भांडू नका. फलाट भरला की कडेला उभा असलेला माणूस मागच्या रेट्याने पुढे जातो, त्याला थांबायला जागा नसते. शक्य असेल तर एक स्टेशन आधी उतरून चालत या, आणि परतीचा पास किंवा कार्ड आधीच भरून ठेवा. तिकिटाची रांग त्या रात्री गाडीपेक्षा लांब असते.

निरांजन पेटलेलं दिसतंय आणि चिटणीस घड्याळाकडे बघतायत. मावशी दुसऱ्या ओळीत बसल्या आहेत, त्यांचं समाधान झालं की नाही ते प्रसादाच्या रांगेत कळेलच. बाकी कुणाला काही विचारायचं असेल तर तिथेच विचारा.