आई कामावर, बाळाच्या ताटाचं काय?

(युवक-युवतींच्या अभ्यास शिबिरातील भाषणाचं शब्दांकन)



महाळुंगे, निघोजे, खराबवाडी, कुरुळी ही खेड तालुक्यातली गावं. पूर्वी ती शेतीवर जगत होती, आज गाड्यांच्या सुट्या भागांवर जगतात. इथल्या खोल्यांमध्ये लातूर, बीड, नांदेडहून आलेली कुटुंबंही भाड्यानं राहतात. आपल्यातल्या अनेकांच्या बहिणी, भावजया चाकणच्या कंपन्यांत कामाला जातात. अशा घरातलं मूल अशक्त झालं की शेजारीपाजारी लगेच म्हणतात, "आईला नोकरी कशाला हवी होती?" हे वाक्य मी मोहल्ल्यातही ऐकते आणि गावकीतही. आज ते तपासून पाहू.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची सुमारे ३५ टक्के मुलं वयाच्या मानानं बुटकी आहेत. यातल्या बहुसंख्य मुलांच्या आयांनी कंपनीचं गेटही पाहिलेलं नाही. म्हणजे दोष नोकरीचा म्हणता येत नाही. उलट, आईच्या हातात पगार आला की घरात अंडी, दूध, डाळ येण्याची शक्यता वाढते.

मग अडतं कुठे? वेळेत. सहा महिन्यांनंतर बाळाला दुधाबरोबर वरचं अन्न लागतं. त्याचं पोट लहान, म्हणून दिवसातून चार-पाच वेळा, शेजारी बसून, थोडं थोडं भरवावं लागतं. शेतावर जाणारी आई बांधावरच्या झाडाला झोळी बांधायची. कंपनीच्या गेटातून झोळी आत जात नाही. शिफ्ट आठ तासांची, वर ओव्हरटाइम आणि बसचा प्रवास. तोवर बाळ आठ-दहा वर्षांच्या ताईकडे असतं आणि त्याच्या हातात पाच रुपयांचा बिस्किटपुडा. त्यानं भूक मरते, पण अंग भरत नाही.

अंगणवाडी १९७५ पासून आहे. तिथे तीन ते सहा वर्षांच्या मुलांना गरम आहार मिळतो. तीन वर्षांखालच्यांसाठी मात्र घरी न्यायचा शिधा असतो. तो शिजवून भरवणारं माणूस घरी नसेल, तर पाकीट फळीवरच राहतं. शिवाय अंगणवाडी काही तासांत बंद होते, शिफ्ट संपत नाही.

यावर कायदा आहे. मातृत्व लाभ कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीनं पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा दिली. ५० किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे पाळणाघर बंधनकारक केलं. हे ५० म्हणजे फक्त बायका नव्हेत, सगळे कर्मचारी. आईला दिवसातून चार वेळा पाळणाघरात जाता येतं. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही पाळणाघराची ही तरतूद आहे.

अडचण ठेकेदारीत आहे. रजेच्या लाभासाठी आधीच्या १२ महिन्यांत किमान ८० दिवस काम झालेलं असावं लागतं. हजेरीच कागदावर नसेल तर ते सिद्ध कसं करणार? म्हणून हजेरी, पगारपत्रक आणि ईएसआय क्रमांक मागून घ्या. ठेक्यावरच्या कामगारालाही ईएसआय लागू होतो. भोसरी, तळवड्याच्या वीस-तीस माणसांच्या वर्कशॉपवर पाळणाघराची सक्ती नाही, हे खरं. पण कायदा सामाईक पाळणाघराला परवानगी देतो. एका औद्योगिक भागातल्या कंपन्यांनी आणि वर्कशॉपनी मिळून एक पाळणाघर चालवावं, ही आपली मागणी असायला हवी.

आता मुलांनो, तुमच्याशी. सूरह बकराच्या २३३ व्या आयतीत दोन वर्षांच्या स्तनपानाचा उल्लेख आहे, तो आपण बायकांना ऐकवतो. त्याच आयतीत त्या आईच्या अन्नवस्त्राची जबाबदारी बापावर टाकली आहे, ते सांगायला विसरतो. बाप दुसऱ्या शिफ्टला असेल तर सकाळी घरी असतो. नाचणीची पेज, मुगाची खिचडी, कुस्करलेलं अंडं भरवायला आईचेच हात लागतात असं कुठे आहे?

शेवटी तीन कामं. आपल्या गल्लीतल्या तीन वर्षांखालच्या मुलांची यादी करा. त्यांची नावं इथल्या अंगणवाडीत आहेत का पाहा. गावाकडच्या अंगणवाडीतली नोंद इथे आणता येते. रेशनही इथल्या दुकानात उचलता येतं. आणि अंगणवाडी ताईंना मुलांच्या दंडाचा घेर मोजायला सांगा. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा घेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी भरला तर ते तीव्र कुपोषण आहे. त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा.

पुढच्या वेळी कुणी विचारलं, "आईला नोकरी कशाला हवी होती?" तर त्याला विचारा, "पाळणाघर कुठे आहे? आणि बाप कुठे आहे?"