ख्रिस्ती प्रेमकथा ऐकताना

ख्रिस्ती ऐतिहासिक प्रेमकथा हा कादंबरीचा जुना आणि आजही भरपूर वाचला जाणारा प्रकार आहे. त्याची अमेरिकन शाखा लहान गावात रमते. गावात एक चर्च, एक शाळा, एक किराणा दुकान. बाहेरून आलेली शिक्षिका, देवावर रुसून बसलेला एखादा कष्टाळू माणूस, आणि दोघांच्या मध्ये दारू. १९२० ते १९३३ या काळात अमेरिकेत देशभर दारूबंदी होती. तो काळ या लेखकांना सोयीचा वाटतो, कारण चोरून दारू गाळणारा खलपुरुष त्यात आयता मिळतो. कॅथरिन मार्शल यांची 'ख्रिस्टी' ही १९६७ सालची कादंबरी त्याआधीच्या, १९१२ सालच्या टेनेसीच्या डोंगराळ मुलखात घडते. चोरटी दारू तिथेही आहेच. या प्रकारात बहुधा शेवटी लग्न होते, आणि लग्नाच्या आधी कोणाचा तरी हरवलेला विश्वास परत येतो. साचा म्हणून पाहिले तर हे फार थोर नाही. थोरपण असेल तर ते साच्याच्या आत, दोन माणसे एकमेकांशी काय आणि कसे बोलतात यात असते.

मराठी श्रोत्याला याची गोडी लागण्यासाठी टेनेसीला जाण्याची गरज नाही. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून जिचे नाव घेतात ती 'यमुनापर्यटन' ख्रिस्ती कादंबरीच आहे. तिचे लेखक बाबा पदमनजी यांचा जन्म १८३१ साली बेळगावात झाला, १८५४ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि १८५७ मध्ये ही कादंबरी छापली. आदल्याच वर्षी विधवाविवाहाला मान्यता देणारा कायदा झाला होता. त्याच १८५६ च्या मे महिन्यात कल्याणहून अंबरनाथ-बदलापूरच्या शिवारातून खोपोलीकडे आगगाडी धावू लागली होती. प्रवास ही गोष्ट मराठी माणसाला नव्याने सुचू लागली होती, तेव्हाचे हे पुस्तक आहे.

कथा थोडक्यात अशी. यमुना मिशनच्या शाळेत शिकलेली, मनाने ख्रिस्ताकडे वळलेली. ती आणि तिचा नवरा विनायक प्रवासाला निघतात, ठिकठिकाणी त्यांना विधवा भेटतात आणि त्यांच्या हालांच्या कहाण्या कानावर येतात. पुढे विनायक मरतो आणि यमुना स्वतःच त्या कहाण्यांपैकी एक होते. पण तिची कहाणी केशवपनाशी थांबत नाही. ती उघडपणे ख्रिस्ती होते आणि पुन्हा लग्न करते.

या पुस्तकाविषयी नेहमीची तक्रार अशी की गोष्ट पुढे सरकत नाही, पात्रे बसून नुसती बोलतात. तक्रार खरी आहे. तिचा अर्थ मात्र उलटा लावला जातो. एकत्र कुटुंबात नवराबायकोने वडीलधाऱ्यांच्या देखत, दिवसाउजेडी, एकमेकांशी चार वाक्ये बोलणेही मर्यादेबाहेरचे मानले जाई, तो हा काळ. अशा काळात एक नवरा आपल्या बायकोबरोबर मुलूख पाहतो, तिचे मत विचारतो, तिला उत्तर देतो, तिचे उत्तर ऐकून घेतो. ही पाने म्हणजे या कादंबरीतले शृंगाराचे प्रसंग आहेत. चांदणे, बाग, चिठ्ठी यांची वाट पाहत बसलेला वाचक ती पाने उलटून टाकतो आणि मग प्रेमकथा सापडली नाही म्हणतो.

म्हणून असे लेखन ऐकताना कथानकापेक्षा प्रश्नांकडे लक्ष द्यावे. प्रश्न कोण विचारतो, उत्तर कोण देतो, आणि कोणत्या जागी उत्तर न देता विषय बदलला जातो? चांगल्या ख्रिस्ती प्रेमकथेत हे पारडे हळूहळू हलते. आरंभी एकजण शिकवत असतो आणि दुसरा ऐकत असतो; शेवटाकडे कोण कोणाला शिकवतो ते सांगता येत नाही. सुमार कथेत शिकवणारा शेवटपर्यंत शिकवतच राहतो. 'प्रचारकी' हा शिक्का खरा तिथे शोभतो. सरसकट सगळ्या प्रकारावर तो मारणे हा आळस आहे. जाता जाता आणखी एक नावड नोंदवण्यासारखी आहे: अशा उताऱ्यांच्या अभिवाचनात प्रार्थनेची वाक्ये गाळतात आणि उरलेल्यामागे बासरी लावतात. प्रार्थना गाळली की त्या दोन माणसांमध्ये बोलण्यासारखे फारसे उरत नाही, आणि बासरी ती उणीव झाकते.

या प्रकारातला सर्वांत सुंदर नमुना मात्र कादंबरी नाहीच. तो लक्ष्मीबाई टिळकांचा 'स्मृतिचित्रे' हा आत्मकथनाचा ग्रंथ आहे. १९३४ ते १९३६ या काळात तो चार भागांत प्रसिद्ध झाला. लक्ष्मीबाई माहेरच्या मनकर्णिका गोखले. त्यांचे वडील सोवळ्याच्या नादाने मीठ-साखरसुद्धा धुवायला लावणारे. नवरा नारायण वामन टिळक, कवी आणि लहरी. घरातले पैसे कोणाला तरी देऊन टाकणे आणि न सांगता निघून जाणे यांत त्यांचा हातखंडा. नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीच्या डब्यात एका गोऱ्या प्रवाशाशी त्यांच्या धर्मावर गप्पा झाल्या. त्याने बायबल हातात दिले आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असे भाकीत केले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंना हा धक्का सोसवला नाही. पुढची काही वर्षे नवराबायको वेगळी राहिली.

इथून पुढे जी गोष्ट घडते ती रचून लिहायची म्हटली तर कोणाला जमणार नाही. नवरा बायकोला ओढून नेत नाही, बायको नवऱ्याला सोडून देत नाही. ती परत त्याच्याजवळ राहायला येते तीही आपले पाणी, आपली चूल, आपले सोवळे सांभाळून. तो हसतो, चिडतो, पण वाट पाहतो. आधी जातीचा प्रश्न तिच्या मनात सुटतो, आणि तो सुटतो तिच्याच डोक्याने: माणसामाणसांत हे भेद देवाने केले की माणसाने, असे ती स्वतःला विचारते. धर्माचा प्रश्न त्यानंतर. १९०० साली लक्ष्मीबाई ख्रिस्ती झाल्या. कादंबरीकाराने इथे एक उपदेशाचे प्रकरण घातले असते. लक्ष्मीबाई विनोद करतात. त्यांची वाक्ये लहान, बोलीतली, आणि सगळ्यांत मोठे दुःख त्या सर्वांत लहान वाक्यात सांगतात. मोठ्याने वाचले की हे लगेच कळते. डोळ्यांनी भरभर वाचणाऱ्याला त्यातला नुसता विनोद दिसतो.

आता दारूकडे. मराठी रंगभूमीवर दारूची कथा म्हणजे 'एकच प्याला'. अमेरिकन राज्यघटनेतल्या दारूबंदीच्या दुरुस्तीला १६ जानेवारी १९१९ रोजी मंजुरी मिळाली. त्यानंतर आठवड्याभरात, २३ जानेवारीला, राम गणेश गडकरी वारले, आणि पुढच्याच महिन्यात त्यांचे हे नाटक गंधर्व मंडळीने रंगभूमीवर आणले. नायक सुधाकर प्याल्यात बुडतो आणि त्याची बायको सिंधू त्याच्याबरोबर बुडते. तिच्या सोसण्यालाच नाटक वंदन करते. ख्रिस्ती प्रेमकथेचा कल नेमका इथे वेगळा पडतो. तिच्या नायिकेला दार असते. ती निघून जाऊ शकते, शिकवू शकते, दुसरे लग्न करू शकते, निदान दारूच्या दुकानासमोर जाऊन उभी राहू शकते. गडकऱ्यांचे नाटक कला म्हणून कितीतरी मोठे आहे. स्त्रीला वाट ठेवण्याच्या बाबतीत मात्र बाबा पदमनजी त्यांच्या बासष्ट वर्षे पुढे होते.

दुकानासमोर उभे राहण्याची ही गोष्ट खरोखर घडलेली आहे. १८७३ च्या डिसेंबरात ओहायोतल्या हिल्सबरो या लहान गावात बायका दारूच्या गुत्त्यांत शिरून गुडघे टेकून प्रार्थना करू लागल्या. त्यातून पुढच्या वर्षी स्त्रियांचा मद्यपाननिषेधक संघ उभा राहिला. या संघाचे काम एका मराठी ख्रिस्ती स्त्रीने जवळून पाहिले. पंडिता रमाबाई १८८६ ते १८८८ अमेरिकेत होत्या, संघाच्या अध्यक्ष फ्रान्सिस विलार्ड यांच्याशी त्यांचा स्नेह जुळला, आणि १८८९ मध्ये निघालेल्या आपल्या अमेरिकेवरच्या मराठी पुस्तकात त्यांनी या चळवळीविषयी लिहिले. अमेरिकन दारूबंदी-कथांचे मूळ शोधणाऱ्या मराठी वाचकाच्या हाती ते पुस्तक असायला हवे.

अशा कथेची सामग्री आपल्याकडेही होती. मुंबई प्रांताचा दारूबंदी कायदा १६ जून १९४९ पासून लागू झाला. त्याच पावसाळ्यात, ८ ऑगस्टला, गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते कल्याण कॅम्पचे उल्हासनगर झाले. तिथल्या महायुद्धातल्या लष्करी बराकींत सिंधहून आलेली निर्वासित कुटुंबे राहत होती. शेजारी अंबरनाथला वालधुनीकाठी अकराव्या शतकातले शिवालय आणि आगपेट्यांचा कारखाना; पुढे बदलापूरची भातशेती. बाहेरून आलेली माणसे, गमावलेली घरे, डोंगरआडोशाच्या हातभट्ट्या आणि धाड घालणारे पोलीस, ख्रिस्ती प्रेमकथेला लागते ते सगळे या तीन गावांत एकाच वर्षी हजर होते. एक बारकावा तर कादंबरीकाराने हातचा सोडू नये असा. अमेरिकेच्या कायद्याने आणि मुंबईच्या कायद्यानेही प्रभुभोजनाच्या द्राक्षारसाला सवलत ठेवली होती. दारूबंदीच्या गावात कायद्याने चालणारा एक प्याला चर्चमध्ये, आणि हातभट्टीवाल्याची बायको रविवारी त्याच रांगेत. एवढ्या एका प्रसंगावर चांगला लेखक दोनशे पाने उभी करू शकेल. त्याने फक्त त्या बाईला प्रश्न विचारू द्यावेत.

तोवर श्रोत्यांनी 'स्मृतिचित्रे'चा पहिला भाग काढावा. घरात एकाने तो मोठ्याने, अभिनय न करता वाचावा आणि बाकीच्यांनी ऐकावा; रेडिओ त्या वेळी बंद ठेवला तरी चालेल.