कोरी खाडीची उंची
1800 साली सर्वेक्षक विल्यम लॅम्बटन यांनी बेंगळूरजवळ पोलादी साखळीने सर्वेक्षणाची आधाररेषा मोजली. 2005 साली त्याच बेंगळूरच्या इस्रोचा कार्टोसॅट-1 उपग्रह दोन कोनांतल्या छायाचित्रांवरून जमिनीची उंची सांगू लागला. मग कच्छच्या कोरी खाडीच्या वस्ती नसलेल्या उत्तर किनाऱ्यावर उंची मोजायला माणसं कशाला पाठवायची? प्रश्न रास्त आहे. पण उपग्रहाला तिवरांचे शेंडे दिसतात, बुंध्याखालचा चिखल नाही. भरती-ओहोटीगणिक किनाऱ्याची रेघही सरकते. डोंगरात दोन-तीन मीटरांची चूक खपून जाते. इथे तेवढ्यावरच मैलोन्‌मैल सपाट जमीन कोरडी की बुडीत हे ठरतं. म्हणून काही बिंदू तरी चिखलात उतरून, भरतीची वेळ टिपून मोजायलाच हवेत. खर्च होईल, होऊ द्या. वादळी लाट किती आत शिरेल, याचा अंदाज याच उंचीवर बेतलेला असतो.