ठाऊक नाही? मग पाहू या!

(प्रौढ साक्षरता वर्गापुढील भाषण)



आपण अक्षरे शिकलात. पाटी वाचता, सही करता, हिशेब लिहिता. ही मोठी गोष्ट झाली. आज मी आपल्याला आणखी एक गोष्ट सांगणार आहे. ती शिकायला पाटी लागत नाही की पेन्सिल लागत नाही. ती म्हणजे "मला ठाऊक नाही" असे मोकळेपणाने म्हणणे.

आपल्याला वाटते, यात काय शिकायचे? पण पाहा. घरात पोर विचारते, "बाबा, खाडीचे पाणी चढते का? आणि परत जाते कुठे?" आपण काय करतो? "गप्प बस, डोके खाऊ नको," असे म्हणतो. नाहीतर मनाला येईल ते ठोकून देतो. पोरासमोर "ठाऊक नाही" म्हणायची लाज वाटते. पोर गप्प बसते. पुन्हा विचारीत नाही. तोटा कोणाचा झाला? पोराचा झाला, आणि आपलाही झाला.

आता हाच प्रश्न धरू. आपल्या मीरा-भाईंदरच्या उत्तरेला वसईची खाडी, पश्चिमेला समुद्र. उत्तनच्या कोळ्याला आणि भाईंदरच्या मिठागरात राबलेल्या माणसाला भरती-ओहोटी कोणी शिकवावी लागत नाही. अमावास्येला आणि पुनवेला उधाण येते. अष्टमीच्या सुमारास भांग असतो. आणि भरतीची वेळ? जुनी माणसे सांगतात, तिथीची पाऊणपट करा. चतुर्थी असली तर चाराची पाऊणपट तीन. म्हणजे सुमारे तीन वाजता पूर्ण भरती. अष्टमी असली तर सहा वाजता. हे गणित कोणी पुस्तकात वाचून केले नाही. आपल्या वाडवडिलांनी वर्षानुवर्षे पाणी पाहिले, चंद्र पाहिला, आणि दोहोंचा मेळ घातला. अक्षर येत नव्हते, पण पाहणे येत होते. विज्ञान म्हणतात त्याची सुरुवात हीच.

भरती केव्हा येते हे कळले. पण का येते? यावर मोठमोठी माणसे अडली होती.

इटली देशात गॅलिलिओ नावाचे फार मोठे शास्त्रज्ञ होऊन गेले. १६३२ साली त्यांनी लिहिले की, पाण्याने भरलेली नाव मध्येच हळू झाली की आतले पाणी हिंदकळते. तशीच पृथ्वी हलते, म्हणून समुद्र हिंदकळतो. चंद्राचा त्यात काही संबंध नाही, असे ते म्हणाले. पण त्यांच्या हिशेबाने दिवसात एकच भरती यायला हवी होती. समुद्र तर दोन आणतो! एवढा थोर माणूस, पण इथे चुकला. म्हणून काही त्यांचे थोरपण कमी झाले नाही.

पुढे १६८७ साली इंग्लंडच्या न्यूटन यांनी खरे कारण मांडले. चंद्र पृथ्वीला आपल्याकडे ओढतो. जे पाणी चंद्राच्या बाजूला असते, ते जवळ असल्यामुळे जास्त ओढले जाते आणि फुगते. पलीकडच्या बाजूचे पाणी लांब असते. त्याच्यावर ओढ कमी पडते, म्हणून ते मागे राहते आणि तेही फुगते. अशा दोन बाजूंना दोन फुगवटे होतात. पृथ्वी फिरता फिरता आपला किनारा दोन्ही फुगवट्यांतून जातो. म्हणून भरती दोनदा. पृथ्वीची एक फेरी होते तोवर चंद्रही थोडा पुढे सरकलेला असतो. त्याला गाठायला आणखी सुमारे ५० मिनिटे लागतात. म्हणून भरती रोज तेवढी उशिरा येते. अमावास्येला आणि पुनवेला सूर्य आणि चंद्र एका रेषेत येतात. दोघांची ओढ एक झाली की उधाण!

झाले का मग सारे? नाही. आता नवा प्रश्न ऐका. चंद्र तोच, समुद्र तोच. मुंबईच्या किनाऱ्यावर उधाणाचे पाणी सुमारे ५ मीटर चढते-उतरते. पण उत्तरेला खंबायतच्या आखातात ते १० मीटरपर्यंत जाते. असे का? ते आखात नरसाळ्यासारखे आत आत निमुळते होत जाते. तळही उथळ होतो. पाणी दाटते आणि वर चढते. म्हणजे नुसता चंद्र पाहून भागत नाही, किनाराही पाहावा लागतो. म्हणूनच मुंबईला अपोलो बंदरावर १८७८ सालापासून पाण्याची उंची मोजून लिहीत आले आहेत. एक उत्तर मिळाले की त्याच्या पोटातून दुसरा प्रश्न निघतो. यात कंटाळण्यासारखे काय आहे? मजाच त्यात आहे.

आपल्याच देशातली एक गोष्ट सांगतो. १९२१ साली चंद्रशेखर वेंकट रामन विलायतेहून बोटीने परत येत होते. समुद्राची निळाई पाहून त्यांना वाटले, पाणी निळे का दिसते? तेव्हाचे एक नामांकित शास्त्रज्ञ म्हणत, ते आभाळाचे प्रतिबिंब आहे. रामन यांनी ते ऐकून सोडून दिले नाही. जवळच्या लहानशा उपकरणातून त्यांनी पाण्यावरची चकाकी झाकून पाहिले. निळाई गेली नाही! म्हणजे रंग पाण्याच्या आतूनच येत होता. बोट मुंबई बंदरात लागली, तेव्हा तिथूनच त्यांनी हे लिहून एका विलायती मासिकाकडे पाठवले. याच वाटेने पुढे जाऊन २८ फेब्रुवारी १९२८ रोजी त्यांनी प्रकाशाविषयी मोठा शोध लावला. १९३० साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. पाणी उजेडातला तांबडा रंग शोषून घेते, हेही त्या निळाईचे मोठे कारण आहे. मग आपली खाडी निळी का नाही? तिच्यात गाळ आहे म्हणून.

मंडळी, ठाऊक नसणे हा दोष नाही. ठाऊक नसताना ठाऊक आहे म्हणणे, हा दोष आहे. उथळ पाण्याला खळखळाट फार. खाडीत गाळ कुठे साचला हे ज्याला ठाऊक नाही, पण "मला सारे ठाऊक आहे" म्हणून जो होडी घालतो, तो ती रुतवतो. बरोबरच्यांचाही जीव धोक्यात घालतो. शहाणा तांडेल म्हणतो, "इथले मला ठाऊक नाही. काठी टाकून पाहा." आणि मग होडी सुखरूप पार जाते.

तर आता एक काम करा. जेट्टीच्या एखाद्या खांबावर खडूने खूण करा. एकटे जाऊ नका, पाण्यात उतरू नका. पोराला बरोबर घ्या. पंधरा दिवस पाणी कुठवर चढले आणि किती वाजता चढले, ते वहीत लिहा. आता आपल्याला लिहिता येते! मग तिथीच्या पाऊणपटीशी ताडून पाहा. काही दिवस जुळेल, काही दिवस जुळणार नाही. जुळले नाही तर आकडा खोडू नका. तो तसाच ठेवा. वारा होता का? पाऊस होता का? पोराला विचारा, आणि त्यालाही विचारू द्या.

ते विचारील, "असे का झाले?" आपल्याला उत्तर येत असेल तर सांगा. येत नसेल तर हसून म्हणा, "मला ठाऊक नाही, बाळा. चल, दोघे मिळून पाहू या."